हनुमानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात ‘प्रॉपर्टी’ म्हटलं की डोळ्यांपुढे जमीन येते. किती एकर, सातबारा कुणाच्या नावावर, वाटण्या झाल्या का, बांधावरून भांडण आहे का. चित्रपटाच्या धंद्यातही हा शब्द रोजचा आहे. फक्त तिथे प्रॉपर्टी म्हणजे लोकांना आधीपासून माहीत असलेली गोष्ट किंवा पात्र. मोटू-पतलू ही प्रॉपर्टी, मारिओ ही प्रॉपर्टी, स्पायडरमॅन ही प्रॉपर्टी. मग हनुमान? त्याला तर जन्मापासून ओळखतो आपण. त्याच्यावर चित्रपट काढायचा तर परवानगी कुणाची घ्यायची?

माझं पीएचडीचं काम या प्रश्नाभोवती फिरतं. विषय सांगितला की ‘कार्टूनवर पीएचडी असते का?’ असं बरेच जण विचारतात. असते. कारण ‘कार्टून’ ज्याला म्हणतो त्यामागे कायदा आहे, पैसा आहे, श्रद्धा आहे आणि शेकडो चित्रकारांची मजुरी आहे. या लेखात एकच गोष्ट समजावून सांगायची आहे. प्रसिद्ध गोष्टीवर ॲनिमेशनपट काढताना स्टुडिओ खरं तर गोष्ट घेत नाही, लोकांच्या मनातली ओळख घेतो. मालक असलेल्या गोष्टीत त्या ओळखीचं भाडं मालकाला द्यावं लागतं. मालक नसलेल्या गोष्टीत ते भाडं लोकांना द्यावं लागतं, आणि स्टुडिओच्या मालकीचं उरतं ते फक्त त्याने काढलेलं चित्र.

ओळखीची गोष्टच का?

आधी थोडा हिशेब करू. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. दीड तासाच्या चित्रपटात २४ गुणिले ६० गुणिले ९०, म्हणजे १,२९,६०० फ्रेम झाल्या. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात. तरी ६४,८०० चित्रं उरली, आणि तीही पडद्यावर एकच पात्र सतत हलतंय असं धरून. दोन पात्रं बोलत असली, मागे गर्दी असली की आकडा कुठच्या कुठे जातो. संगणकावरच्या थ्रीडी ॲनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र हाताने काढावं लागत नाही. पण पात्र घडवणं, त्याला सांधे बसवणं, हालचाल देणं, कपडे-केस-उजेड सांभाळणं ही वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी कामं असतात.

नटांना घेऊन केलेल्या चित्रपटात दिग्दर्शक एक प्रसंग पाच वेळा शूट करतो आणि नंतर एडिटिंगच्या टेबलावर निवड करतो. ॲनिमेशनमध्ये ही चैन परवडत नाही. इथे एडिटिंग आधी होतं. सगळा चित्रपट आधी स्टोरीबोर्डवर, म्हणजे कच्च्या चित्रांच्या ओळींत मांडतात. त्या चित्रांना कच्चा आवाज लावून ‘ॲनिमॅटिक’ करतात आणि तेच बघून काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवतात. एकदा काम पुढे गेलं की मागे फिरणं म्हणजे काही महिन्यांची मेहनत पाण्यात.

म्हणजे पैसा आधी जातो, कित्येक वर्षं जातो, आणि पोस्टरवर नावाजलेला नट नसतो. मग लोकांनी तिकीट कशासाठी काढायचं? उत्तर सोपं आहे: पात्र ओळखीचं असेल तर. ॲनिमेशनपटात पात्रच स्टार असतं.

ही अक्कल नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो राजा हरिश्चंद्रावर. कारण पडदा नवा असला तरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्याच फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम टिपत हलवल्या. पुढे १९५६ मध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्या काळात तयार झालेला ‘द बॅनियन डिअर’ कशावर होता? जातककथेवर. नवीन माध्यम शिकताना जुनी गोष्ट हाताशी असली की बरं पडतं.

मालक असलेली गोष्ट

आता सातबाऱ्याकडे येऊ. काही गोष्टींवर नाव चढलेलं असतं.

भारतातल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७ चा कायदा) लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनावर हक्क राहतो. आपल्याच पुस्तकांवर हे लावून बघा. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणजे ‘श्यामची आई’वरचा हक्क २०१० अखेर संपला, आज त्या पुस्तकावर ॲनिमेशनपट काढायला कुणाच्या सहीची गरज नाही. भा. रा. भागवत २००१ साली गेले. म्हणजे फास्टर फेणेला हात लावायचा तर २०६१ संपेपर्यंत हक्कदारांना विचारावं लागेल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये यायला लागला, तो तर आपल्याच पिढीचा.

गंमत बघा. चिंटू मुळात कागदावरचं चित्र. तरी २०१२ साली त्याच्यावर चित्रपट आला तो खऱ्या मुलांना घेऊन. फास्टर फेणेवरचा २०१७ चा चित्रपटही तसाच. वरचा फ्रेमचा हिशेब डोक्यात ठेवला तर याचं फार नवल वाटायला नको. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मर्यादित, आणि ॲनिमेशनचा खर्च भाषा बघून कमी होत नाही.

मालक असलेली प्रॉपर्टी घेताना स्टुडिओ करार करतो. किती वर्षांसाठी, कोणत्या भाषांत, फक्त चित्रपट की मालिकाही, खेळणी-दप्तरं-टिफिन कुणी विकायचे, हे सगळं त्यात येतं. शिवाय मालकाकडून एक पुस्तिका मिळते. पात्राची उंची किती, रंग कोणता, ते काय कधीच बोलणार नाही, कोणत्या वस्तूला हात लावणार नाही. प्रत्येक टप्प्यावर मालकाची मान्यता घ्यायची.

दिग्दर्शकाला हे जाचक वाटतं. पण मालकाच्या बाजूनेही बघा. मारिओवर १९९३ साली अमेरिकेत खऱ्या नटांचा चित्रपट निघाला, तो सपशेल पडला, आणि खेळाशी त्याचा मेळही बसत नव्हता. नंतर तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, ॲनिमेशनपट आला तेव्हा निन्टेन्डो कंपनी स्वतः निर्मितीत उतरली आणि मारिओचे जनक शिगेरू मियामोटो निर्माते म्हणून इल्युमिनेशन स्टुडिओबरोबर बसले. त्या चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. थोडक्यात, शेत बटाईने दिलं तरी मालक बांधावर येऊन उभा राहिला.

आपल्याकडचं उदाहरण मोटू-पतलूचं. ही जोडी मूळची ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातली, छोट्या विनोदी चित्रकथांची. २०१२ पासून मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने तिची थ्रीडी मालिका केली आणि २०१६ साली ‘मोटू पतलू: किंग ऑफ किंग्ज’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक सुहास कडव. इथे अडचण वेगळी. दोन पानांच्या विनोदाला पोट भरायला एक समोसा पुरतो. चित्रपटाला संकट लागतं, प्रवास लागतो, शेवट लागतो. म्हणून जोडी तशीच ठेवायची आणि तिच्याभोवतालचं जग मोठं करायचं. चित्रपटात सर्कशीतून पळालेला सिंह आणि जंगल येतं ते यासाठी. लोकप्रिय मालिकेचा चित्रपट करताना बहुतेक दिग्दर्शकांना हाच रस्ता सापडतो.

गायरानातली गोष्ट

आता दुसरी जात. गावात गायरान असतं. कुणा एकाच्या नावावर नाही, चारायला सगळ्यांची जनावरं जातात. रामायण, महाभारत, पुराणं, जातककथा, संतांच्या आख्यायिका हे सगळं गोष्टींचं गायरान आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की कल्पना, विषय, कथावस्तू, ऐतिहासिक किंवा पौराणिक तथ्यं यांच्यावर कॉपीराइट नसतो. ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो.

‘रूप’ हा शब्द नीट धरून ठेवा, कारण गायरानातून धंदा उभा राहतो तो या शब्दावर.

डिस्नेचा १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ घ्या. ग्रिम बंधूंच्या लोककथेत सात बुटक्यांना नावं नाहीत. डिस्नेने प्रत्येकाला नाव, चेहरा, चाल आणि स्वभाव दिला. आज ‘स्नो व्हाइट’ची गोष्ट कुणीही सांगू शकतो. पण डिस्नेचा तो मुका, मोठ्या कानांचा बुटका उचलता येणार नाही. गोष्ट गायरानातली, पण त्यात बांधलेला गोठा डिस्नेचा.

आपल्याकडे हाच प्रकार हनुमानाच्या बाबतीत झाला. २००५ साली पर्सेप्ट पिक्चर कंपनीचा ‘हनुमान’ आला. दिग्दर्शक व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके. जन्म, सूर्याला फळ समजून झेप, शापामुळे शक्तीचं विस्मरण, मग लंका. आजीने सांगितलेली तीच गोष्ट, त्याच क्रमाने. पोरांना घेऊन आईबाप थिएटरात गेले आणि भारतीय ॲनिमेशनपटही चालू शकतो हे धंद्याला पटलं.

दोन वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये, त्याच कंपनीचा ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. यात हनुमान आजच्या काळात एका गावात मुलगा म्हणून जन्म घेतो, शाळेत जातो, दांडगाई करणाऱ्यांना वठणीवर आणतो. रामायणात यातलं काही नाही.

एकच कंपनी, एकच पात्र, दोन उत्तरं. पहिल्यात गोष्ट ठेवली. दुसऱ्यात पात्र ठेवलं आणि गोष्ट बदलली. नीट बघितलं तर दुसरं उत्तर धंद्याला जास्त सोयीचं आहे. पहिल्या चित्रपटाची गोष्ट उद्या कुणीही सांगू शकतो, आणि सांगितलीही. २०२१ पासून आलेल्या ‘द लिजेंड ऑफ हनुमान’ या मालिकेतला पिळदार, कॉमिक्सच्या वळणाचा हनुमान २००५ च्या गोंडस हनुमानाशेजारी उभा केला तर सख्खे भाऊही वाटणार नाहीत. पण शाळेत जाणाऱ्या त्या मुलाची गोष्ट निर्मात्याच्या स्वतःच्या मालकीची.

हीच वाट शेवटपर्यंत गेला तो ‘छोटा भीम’. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचे राजीव चिलका यांनी २००८ मध्ये तो टीव्हीवर आणला, २०१२ मध्ये ‘कर्स ऑफ दम्यान’ हा चित्रपट केला. भीम हे नाव ऐकलं की ताकद आणि भूक आपोआप आठवते. ती ओळख महाभारताने फुकट दिली. पण ढोलकपूर, चुटकी, राजू, जग्गू, कालिया, लाडू खाल्ल्यावर येणारं बळ हे सगळं कंपनीचं. गायरानातून माती आणली आणि घर स्वतःच्या प्लॉटवर बांधलं. म्हणून छोटा भीमचं दप्तर छापायला परवाना लागतो, गदाधारी भीमाचं कॅलेंडर छापायला लागत नाही.

सीमारेषा कुठे पडते याचा एक खटला अभ्यासात नेहमी येतो. ‘नागराज’ कॉमिक्सच्या प्रकाशकांनी ‘नागेश’ नावाच्या पात्राविरुद्ध दाद मागितली आणि १९९६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नागराजच्या बाजूने कौल दिला. साप आणि सर्पशक्ती सगळ्यांच्या. पण वेष, शक्ती, नाव यांची एकत्र घडण उचलली की ती नक्कल.

‘इतर अधिकार’चा रकाना

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा वगैरे तिथे लिहिलेलं असतं. जमीन घेताना जाणता माणूस हा रकाना आधी वाचतो. गायरानातल्या गोष्टींना मालक नसतो, पण हा रकाना भरलेला असतो. फक्त तो कागदावर नाही, लोकांच्या मनात.

जपानचे युगो साको १९८० च्या दशकात एका माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले आणि रामायणाने भारावले. त्यांच्या बेताची बातमी छापून आल्यावर विश्व हिंदू परिषदेकडून जपानच्या दूतावासाकडे निषेध गेला. परक्या माणसाने मनमानी करून रामायण दाखवू नये, असा सूर होता. तो गैरसमज पुढे मिटला. भारत सरकारशी मिळून काम करायचा प्रयत्नही झाला, पण इतका संवेदनशील विषय कार्टूनमध्ये कसा दाखवणार, असा आक्षेप आला. शेवटी चित्रपट मुख्यतः जपानमध्ये तयार झाला. मात्र साको एकटे पुढे गेले नाहीत. फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले राम मोहन हे कोइची सासाकी यांच्यासह सहदिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटियांचं होतं. ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ १९९३ च्या आरंभी भारताच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. पुढे तो टीव्हीवर बघून एक पिढी मोठी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतभर थिएटरात लागला. ज्याला ‘परक्याचं’ म्हणून अडवलं होतं, तो लोकांनी आपला मानला.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या नांदेडमुळे आपल्याला लगेच कळेल. शीख परंपरेत गुरूंची भूमिका माणसाने करायची नाही. म्हणून हॅरी बावेजा यांनी २०१४ साली ‘चार साहिबजादे’ काढला तो संगणकी ॲनिमेशनमध्ये, आणि त्यातही गुरू गोविंदसिंगांची आकृती हलती न ठेवता स्थिर चित्रांच्या रूपात ठेवली. बघा, बंधन होतं म्हणून ॲनिमेशन निवडलं आणि ॲनिमेशनच्या आतही बंधन पाळलं. दिग्दर्शकाने ‘इतर अधिकार’चा रकाना आधी वाचला होता.

छत्रपती शिवाजी महाराजांवर २०१८ मध्ये नीलेश मुळे यांनी ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी ॲनिमेशनपट केला. महाराष्ट्रात या विषयाला हात घालणाऱ्याला तर हा रकाना समजावून सांगायची गरजच नाही.

मग दिग्दर्शक नेमकं काय करतो?

माझ्या वाचनातून आणि बघण्यातून मी दिग्दर्शकाच्या कामाचे तीन कप्पे केले आहेत. तुम्ही पुढचा कोणताही असा चित्रपट बघताना हे कप्पे लावून बघा.

पहिला कप्पा: *न हलणारं*. जे बदललं तर लोक म्हणतील, ‘हा तो नव्हेच’. मारुतीची शेपटी, गदा, रामभक्ती. मारिओची टोपी आणि मिशी. बहुतेक वेळा हे गोष्टीतून आलेलं नसतं, चित्रांतून आलेलं असतं. आपल्या मनातले देव राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून, कॅलेंडरांवरून, १९६७ पासूनच्या ‘अमर चित्रकथे’तून, ‘चांदोबा’तून आलेत. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस दिसले आणि कित्येकांच्या मनात तुकोबांचा चेहरा तोच होऊन बसला. ॲनिमेशनचा दिग्दर्शक सगळ्यात आधी ‘मॉडेल शीट’ करतो. समोरून, बाजूने, मागून, हसताना, रडताना पात्र कसं दिसेल याचा तक्ता. खरी वाटाघाट तिथे होते: कॅलेंडरच्या किती जवळ राहायचं?

दुसरा कप्पा: *वाकवता येणारं*. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला का अजगर मोगलीचा मित्र आहे, त्याला माकडांच्या तावडीतून सोडवणारा. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात तोच का मोगलीला गिळायला टपलेला विनोदी खलनायक झाला. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची जी मालिका १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी लागायची, तिच्यात का पुन्हा जाणता आणि वडीलधारा. मोगली तिन्हीकडे मोगलीच राहिला. म्हणजे का वाकवता येण्यासारखा होता.

तिसरा कप्पा: *गाळलेलं*. मूळ गोष्ट जिथे गप्प बसते ती जागा. बुटक्यांची नावं. हनुमानाचं शाळेत जाणं. दिग्दर्शकाची सही इथे उमटते, आणि मालकीही इथेच तयार होते.

आपल्या नामदेवाचं उदाहरण

हे तीन कप्पे घरच्या गोष्टीला लावून बघू. समजा तुम्हाला संत नामदेवांवर ॲनिमेशनपट करायचा आहे. परंपरा त्यांचं जन्मगाव आपल्या जिल्ह्यातलं नरसी मानते. काही अभ्यासक पंढरपूर म्हणतात. आयुष्याचा उत्तरकाळ पंजाबात, घुमानला. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. म्हणजे ‘इतर अधिकार’मध्ये निदान वारकरी आहेत, शिंपी समाज आहे, शीख आहेत, नरसीकर आहेत. कॉपीराइट मात्र कुणाचाच नाही.

न हलणारं काय? विठ्ठल, कीर्तन, नैवेद्य खाण्यासाठी देवापुढे हट्ट धरून बसलेलं पोर. वाकवता येणारं काय? वेष, घर, जनाबाई आणि इतरांच्या वाट्याला किती वेळ द्यायचा ते. गाळलेलं तर पुष्कळ: नरसीतलं लहानपण, पंजाबपर्यंतची वाट.

आणि मग येतो औंढा नागनाथचा प्रसंग. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं. ॲनिमेशनसाठी याहून चांगला प्रसंग शोधून सापडायचा नाही. खऱ्या नटांच्या चित्रपटात असा चमत्कार वरून चिकटवल्यासारखा दिसायची भीती असते. ॲनिमेशनमध्ये माणूस आणि दगड एकाच हाताने काढलेले असतात; जो हात नामदेवांना वळवतो तोच देवळाला वळवतो. बघणाऱ्याला शंका यायला जागा राहत नाही.

पण थांबा. त्यांना मागे का पाठवलं? काही कथनांत उत्तर असं की कीर्तनाच्या गर्दीने दर्शनाची वाट अडत होती. गुरू ग्रंथ साहिबमधल्या नामदेवांच्या पदात मात्र जातीचा स्पष्ट उल्लेख आहे: खालच्या जातीचा म्हणून त्यांना उठवलं गेलं. स्टोरीबोर्डच्या त्या एका चौकोनात पुजाऱ्याच्या तोंडी कोणतं वाक्य घालायचं? ‘बाजूला व्हा, गर्दी होतेय’ की दुसरं? पहिलं घातलं तर चित्रपट कुठेही अडणार नाही, शाळाशाळांतून दाखवता येईल. आणि देऊळ फिरण्यामागचं कारणच निघून जाईल. गर्दी झाली म्हणून देऊळ कशाला फिरेल? दुसरं घातलं तर गोष्टीला कणा येईल, आणि निर्मात्याच्या कपाळाला आठ्या.

प्रसिद्ध गोष्ट घेण्यातली खरी जोखीम ही आहे. ती बजेटच्या कोष्टकात दिसत नाही. ‘सगळ्यांना आवडेल असं करा’ हे वाक्य स्टुडिओच्या बैठकीत निरुपद्रवी वाटतं. पण सगळ्यांच्या गोष्टीतून सगळ्यांना टोचणारा काटा काढला की उरतं ते कॅलेंडर. माझं मत विचाराल तर दुसरं वाक्य घालावं. नामदेवांच्या नावावरच्या पदात ते आहे. आपण त्यांच्यापेक्षा जास्त जपून बोलायचं कारण नाही.

पैसा कुणाला, चित्र कुणाचं?

शेवटचा मुद्दा खास आपल्याकडच्या पोरापोरींसाठी. हिंगोली, वसमत, कळमनुरीहून पुण्या-मुंबईला ॲनिमेशनचा कोर्स करायला जाणारे आता नवलाचे नाहीत. भारतातल्या स्टुडिओंचं पुष्कळ काम परदेशी कंपन्यांसाठी ठरलेल्या दरात करून द्यायचं असतं. मेहनत आपली, पात्र त्यांचं. स्वतःची प्रॉपर्टी हवी ही ओढ त्यातून येते, आणि गायरानाकडे सगळे वळतात ते त्यामुळेच. २०२५ च्या जुलैमध्ये अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ आला आणि त्याने ३०० कोटींच्या वर गल्ला जमवला; भारतीय ॲनिमेशनपटासाठी हा विक्रम होता. प्रल्हादाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? तरी लोक गेले. आता अशा गोष्टींवर रांग लागणार हे उघड आहे.

या रांगेत तुम्ही नोकर म्हणून उभे असाल तर एक नियम माहीत असू द्या. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, मालक कंपनी असते. म्हणजे तुम्ही घडवलेला बाल नामदेव देशभर गाजला, दप्तरावर छापला गेला, तरी तो तुमचा नाही. नामदेवाची गोष्ट तुमची, सगळ्यांचीच. पण तुमच्या हातचं ते रूप कंपनीचं.

यात अन्यायच आहे असं नाही. कंपनी पगार देते, जोखीम घेते. पण हा व्यवहार माहीत नसताना सही करणं आणि माहीत असून करणं यात फरक आहे. नोकरीआधी तुम्ही स्वतःच्या वहीत जी पात्रं काढलीत त्यांवर तारीख घाला. त्यांची यादी करा आणि करारात ती वगळली आहेत का ते वाचा. समजलं नाही तर वकिलाला दाखवा. जमिनीच्या कागदासाठी दाखवतोच की.

आणि मोठा स्टुडिओ नसेल तर काहीच होत नाही, असंही समजू नका. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यात प्रसिद्ध पात्र एकही नाही, एक मांजर आहे.

दीड तासाचा चित्रपट एकट्याने होणार नाही. पण औंढ्याचं देऊळ फिरतं तो प्रसंग दोन मिनिटांचा. दोन मिनिटं म्हणजे २,८८० फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून १,४४० चित्रं. रोज दहा काढली तर पाच महिन्यांचं काम. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पुजाऱ्याच्या तोंडी कोणतं वाक्य घालायचं तेवढं मात्र पहिलं चित्र काढण्याआधी ठरवून ठेवा.